पातळ छताची गाडी

चिझुकोने व्हॅनमध्ये उकिडवं बसून बोटाच्या पेराने छत वाजवून पाहिलं. आधी मधोमध, मग दोन्ही कडांना. मान तिरकी करून ती आवाज ऐकत होती.

"काकू, गाडी घेताय की कलिंगड?" बाहेर उभा असलेला शिमोदा म्हणाला आणि स्वतःच हसला.

जुन्या गाड्या विकणाऱ्याला जीभ लागतेच, आणि शिमोदाला देवाने ती जरा सढळ हातानेच दिली होती. कुमामोतो शहराबाहेर, डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर त्याचं आवार होतं. तिथे पिवळ्या पाटीच्या छोट्या व्हॅन ओळीने उभ्या असत. नोकरीतून मोकळी झालेली माणसं येत, मागच्या सीटा काढून तिथे फळ्यांचा पलंग बसवून घेत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर नाहीतर समुद्रकाठी रात्री काढत हिंडत. अशी गिऱ्हाइकं खुशीत असतात, पैशांवरून फार ताणत नाहीत. हे जोडपंही त्यातलंच असं शिमोदाने धरलं होतं.

"मग, पहिली स्वारी कुठं?" त्याने विचारलं.

"कुठं नाही," कात्सुमी ओगाता म्हणाला. "अंगणात."

"अंगणात?"

"रात्री अंगणात. दिवसा बाजार, दवाखाना, माझी कामं. रोजचीच गाडी हवी, फक्त रात्री हिला नीट आडवं होता आलं पाहिजे."

शिमोदाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवरा-बायकोचं बिनसलंय, असं त्याला वाटलं असावं. कारण तो एकदम मवाळ झाला आणि त्यांना आपल्या आवारातल्या सगळ्यात देखण्या गाडीकडे घेऊन गेला. ती आधीच तयार केलेली होती. गादी, पडदे, हात धुवायला एवढंसं बेसिन आणि वर दोन्ही बाजूंना पॉलिश केलेली कपाटं. चिझुकोने दार सरकवून आत डोकं घातलं, वर पाहिलं आणि तशीच मागे आली.

"वर कपाटं आहेत," ती म्हणाली.

"असणारच की काकू. सामान कुठं ठेवणार, डोक्यावर?"

"वर नको काही."

"हिला वर काही चालत नाही," कात्सुमी म्हणाला. "छत नुसत्या पत्र्याचं हवं. पातळ."

"पातळ छताची गाडी मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय, काका! लोक उलट आतून जाड अस्तर मारून मागतात, थंडीचं."

"आमची आई भूकंपात गेली. घराखाली."

शिमोदाने खिशातले हात बाहेर काढले. त्या मुलखात हे एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. त्याने मान लववली आणि त्यानंतर बराच वेळ तो कामापुरतंच बोलला.

कात्सुमी तातामी बनवायचा. जमिनीवर अंथरायच्या या गवती गाद्यांचा धंदा त्याच्या आजोबांपासून घरात होता. पायाखालच्या गोष्टींशी त्याचा जन्म गेला होता, वर काय आहे याचा विचार त्याने कधी केला नव्हता. भूकंपाचा पहिला धक्का बसला त्या रात्री ते तिघं, तो, चिझुको आणि त्याची म्हातारी आई, शाळेच्या मोठ्या सभागृहात जाऊन झोपले. सगळं गाव तिथेच होतं. आईला खोकला होता. रात्रभर ती खोकली आणि रात्रभर चिझुको आजूबाजूच्या लोकांची मान लववून माफी मागत राहिली. कुणी एक अक्षर बोललं नाही. पण कुणी कूस बदलली, कुणी उसासा टाकला की चिझुको पुन्हा त्या दिशेला मान लववी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "अहो, घर तर उभंच आहे. घरी जाऊ या. सासूबाईंमुळे लोकांना किती त्रास." कात्सुमीलाही ते पटलं. त्याच्याही मनात तेच होतं, ते बोलायचं धाडस फक्त तिने केलं. ते घरी आले, आईला तिच्या खोलीत नीट झोपवलं, आणि त्याच रात्री दुसरा धक्का बसला. तो पहिल्याहून मोठा होता. घराची अर्धी बाजू बसली. आईची खोली त्या बाजूला होती.

तेव्हापासून चिझुकोने कशाबद्दलही मत दिलं नाही. भाजी कुठली करायची इथपासून नव्या घराच्या भिंती कुठल्या रंगाच्या हव्यात इथपर्यंत तिचं उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल तसं."

सरकारने दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत ती झोपायची. तिथलं छत हलकं होतं, शेजारी शिंकला तरी थरथरायचं. मग नवं घर बांधून झालं. राहायला गेले त्याच दिवशी तिथे आईचं श्राद्ध केलं. कात्सुमीची थोरली बहीण मित्सुए आली होती. जेवणं झाल्यावर संत्र सोलता सोलता ती म्हणाली, "शाळेतच ठेवलं असतं आईला तर अजून खोकत बसली असती." आवाज चढवून नाही, भांडणाच्या सुरात नाही, सहज म्हणावं तसं. चिझुकोने सगळ्यांना चहा दिला, भांडी घासली, वन्संना बरोबर न्यायला डबा भरून दिला आणि अंधार पडल्यावर रजई उचलून ती अंगणातल्या गाडीत जाऊन झोपली.

ती जुनी चिमुकली गाडी होती. तिची सीट मागे पडायची, पण पुरती नाही. पाय कुठेतरी दुमडूनच ठेवावे लागत. चार दिवसांत येईल आत, असं कात्सुमीला वाटलं. ती आली नाही. दिवसभर घरात राबायची, हसून बोलायची, शेजारणीला लोणचं द्यायची आणि संध्याकाळी रजई घेऊन निघायची. कात्सुमीने तिला घराच्या तुळयांना मारलेल्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या. बांधणाऱ्याला बोलावून त्याच्या तोंडून समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, त्याला केक खाऊ घातला आणि रात्री पुन्हा गाडीत गेली. त्याने तंबू आणला, तो पहिल्याच वादळात शेजारच्या मुळ्याच्या शेतात जाऊन पडला. एकदा तो चिडून ओरडलाही, "मी काय एवढं घर भुतांसाठी बांधलंय?" तिने खाली मान घालून ऐकलं. नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तो पुन्हा कधी ओरडला नाही.

शेवटी पाय सुजले. डॉक्टरीण तरुण होती पण स्पष्ट बोलणारी होती. "ओगाताबाई, असं दुमडून झोपायचं बंद करा. पायात रक्त गोठतंय. भूकंपानंतर गाड्यांत झोपून माणसं याच्यानंच गेलीत, तुम्हाला का ठाऊक नाही? पाय सरळ ताणून झोपा. गोळ्या घ्या. आणि पाणी प्या, भरपूर."

पाणी चिझुको पीत नसे. प्यायलं की रात्री संडासाला उठावं लागे, आणि त्यासाठी घरात जावं लागे.

बायकोला गाडीच घेऊन द्यायची, ही कल्पना कात्सुमीच्या डोक्यात फार आधीपासून होती, पण तो ती ढकलत आला होता. कारण साधं होतं. गाडी घेतली म्हणजे ती आत येणार नाही हे कबूल केलं. मोडकी सीट आहे तोवर तिला कंटाळा येईल, पाठ दुखेल, एखाद्या थंडीच्या रात्री ती दार सरकवून आत येईल आणि काही न बोलता त्याच्या शेजारी अंथरूण घालेल, ही आशा होती. तिच्या हाल होण्यावरच आपली आशा उभी आहे, हे त्याला कळत होतं. कळूनही त्याने हिवाळाभर वाट पाहिली होती.

आवारातली दुसरी व्हॅन दिसायला बरी होती. मागच्या सीटा दुमडून सपाट होतात, असं शिमोदाने सांगितलं.

"झोपून बघ," कात्सुमी म्हणाला.

"यांच्यासमोर?" चिझुको कुजबुजली.

शिमोदा ताबडतोब पाठ करून दुसऱ्या गाडीची काच पुसू लागला. चिझुको आडवी झाली. दुमडलेल्या सीटांचा उंचवटा बरोबर कमरेखाली येत होता.

"कशी वाटते?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"अगं, कंबर तुझी आहे! माझ्या म्हणण्यावर ती दुखायची थांबणार आहे का?"

ती हसली.

तिसरी गाडी कोपऱ्यात होती. एका लाँड्रीवाल्याची. त्याने मागे सीटा कधी ठेवल्याच नव्हत्या, कपड्यांच्या गठ्ठ्यांसाठी सगळं मोकळं. पत्र्याची सपाट जमीन, वर पत्र्याचं साधं छत, आतून अस्तरसुद्धा नाही. बाहेर दारावर लाँड्रीचं पुसट नाव अजून वाचता येत होतं. आत साबणाचा वास होता.

"ही तुम्हाला दाखवणारच नव्हतो," शिमोदा म्हणाला. "फारच पळालीय बिचारी. इंजिन ठणठणीत आहे, पण रूप नाही."

चिझुको आत चढली. तिने छत वाजवलं, डब्याचं झाकण वाजावं तसा आवाज आला. मग ती स्वतःहून आडवी झाली. पाय लांब केले. टाचा मागच्या दारापर्यंत गेल्या आणि तरी थोडी जागा उरली. कात्सुमीने खिशातली मोजपट्टी काढून लांबी-रुंदी घेतली. चाकांवरचे उंचवटे टाळून एक अरुंद तातामी बरोबर बसत होती. खाली लाकडी चौकट करायची, मध्ये पोकळी ठेवायची म्हणजे पत्र्याची थंडी वर येणार नाही. तो शिमोदाला हे समजावत होता तेव्हा शिमोदाने त्याच्या बाहीला हात लावला आणि नजरेने आत खूण केली.

चिझुको झोपली होती. उघड्या पत्र्यावर, पर्स उशाला घेऊन, भर दुपारी, परक्या आवारात. तिचं तोंड किंचित उघडं होतं. कात्सुमीने तिला असं पाय पसरून झोपलेलं कितीतरी काळात पाहिलं नव्हतं, आणि त्याचे डोळे भरून आले. शिमोदाने गाडीचं दार आवाज न करता अर्धं ओढून घेतलं. दोघं बाहेर तसेच उभे राहिले.

"घेतली," कात्सुमी हळू आवाजात म्हणाला.

"दिली," शिमोदा म्हणाला. "नाव पुसून देतो. कागदपत्रं झाली की फोन करतो."

त्यानंतरचे दिवस कात्सुमीचे बरे गेले. त्याने वर्कशॉपमध्ये चौकट केली, कडा घासून गुळगुळीत केल्या. तातामीसाठी त्याने यात्सुशिरो भागातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून चांगल्यातलं गवत मागवलं. काठाला कुठलं कापड लावायचं म्हणून त्याने चिझुकोपुढे नमुने टाकले. तुम्ही म्हणाल तसं, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने एक हिरवट तुकडा उचलला. "हा," ती म्हणाली. कात्सुमीने तो तुकडा तिच्या हातून असा घेतला की जणू तिने त्याला बक्षीसच दिलं.

शिमोदाचा फोन आला. "काका, झालं सगळं. आज संध्याकाळी आणून देऊ?"

कात्सुमीची नजर सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरांत दिवस कसा आहे ते छापलेलं असतं. आज साधा दिवस होता. परवा बुत्सुमेत्सु, सगळ्यात वाईट. तेरवा ताईआन, सगळ्यात शुभ. नवी तातामी कुणाच्या घरात टाकायची तर त्याचे आजोबा दिवस बघत, वडील बघत, तोही बघायचा. लोक लग्नं बघून करतात, गाड्या बघून घेतात, त्यात वावगं काय? शिवाय ही नुसती गाडी नव्हती. हिच्यात त्याची बायको झोपणार होती.

"तेरवा आणा," तो म्हणाला. "ताईआन आहे."

"सगळे तेरवाच मागतात!" शिमोदा हसला. "बरं, सकाळी पहिली तुमची."

त्याने फोन ठेवला. चिझुको दारात उभी होती.

"तयार झाली?" तिने विचारलं.

"तेरवा येतेय. दिवस चांगला आहे. एवढे दिवस काढलेस, आता दोन-तीन रात्रींनी काय होतंय?"

तिने क्षणभर काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

बुत्सुमेत्सुच्या सकाळी कात्सुमी रोजच्यासारखा चहा घेऊन अंगणात गेला. काचेवर टकटक केली. चिझुको सीटवर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. त्याने पुन्हा टकटक केली. मग दार उघडलं. चहा कुठे ठेवला ते त्याला नंतर आठवलं नाही.

इस्पितळात तीच डॉक्टरीण होती. पायातली गाठ सुटून छातीत गेली, असं तिने सांगितलं. "फार त्रास झाला नसेल," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून कात्सुमीला कळलं की हे ती सगळ्यांनाच सांगत असावी.

दुपारी मयताची व्यवस्था बघणारी माणसं चिझुकोला घेऊन आली. मित्सुए आधीच येऊन बसली होती. तिने आतली खोली झाडून, गादी घालून ठेवली होती. उशी उत्तरेला. त्या माणसांतल्या एकाने दारात अदबीने विचारलं, "बाईंना आत कुठं ठेवायचं?"

कात्सुमीने आत पाहिलं. नवं घर, जाड तुळया, त्याच्याच हातच्या तातामी. या छताखाली तिने कधी डोळा मिटला नव्हता. आता तिला विचारायचं कारण नव्हतं. उचलून ठेवलं की झालं, ती हूं का चूं करणार नव्हती. आणि नेमकं तेच त्याला सहन होईना.

"आत नाही," तो म्हणाला. "जरा थांबा."

त्याने शिमोदाला फोन लावला. "गाडी आत्ता आणा."

"काका, उद्या ठरलंय ना? आज तर बुत्सु—"

"बायको गेली माझी. गाडी आणा."

मग शिमोदा म्हणाला, "निघालो."

फोन ठेवताना कात्सुमीची नजर पुन्हा त्या कॅलेंडरवर पडली. शाळेतून आईला घरी आणलं तो दिवस कोणता होता ते त्याला आठवलं. ताईआन होता. लोक शहाणे असते तर त्यांनी हे कॅलेंडर छापणं कधीच बंद केलं असतं, आणि तो शहाणा असता तर दोन दिवसांपूर्वीच त्याने ते फाडलं असतं. त्याने ते आता फाडलं नाही. फाडून काय होणार होतं?

"डोकं फिरलंय का तुझं?" मित्सुए आतून बाहेर आली. "अंगणात? गाडीत? माणसं अगरबत्ती लावायला येतील, भटजी येतील. लोक काय म्हणतील कात्सुमी?"

"म्हणू देत, ताई."

"अरे, घर आहे ना तुझं!"

"माझं आहे. तिचं नव्हतं."

मित्सुए आत निघून गेली. अंगणात ती माणसं घड्याळाकडे न बघायची काळजी घेत उभी होती.

शिमोदा आला तो काळा कोट घालून. गाडी धुऊन पुसून चकचकीत केलेली. दारावरचं नाव गेलं होतं. तो उतरून खोल वाकला. दोघांनी वर्कशॉपमधून चौकट उचलून आणली आणि मागच्या दारातून आत सरकवली. ती पहिल्याच खेपेला बसली. वर कात्सुमीने तातामी टाकली आणि तळव्याने दाबून कडा बसवल्या, गिऱ्हाइकाच्या घरी बसवतो तशा. मग त्या माणसांनी चिझुकोला आणून त्या तातामीवर निजवलं. पाय पूर्ण लांब करूनही मागे जागा राहिली. कात्सुमीने पांढरी चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली आणि मागचं दार वर उघडंच ठेवलं. ताज्या गवताच्या वासाखाली साबणाचा वास अजून होता.

तो गाडीच्या कडेला टेकून उभा राहिला. रडू येईल असं त्याला वाटत होतं, पण येत नव्हतं. दोन रात्री. एवढाच विचार डोक्यात फिरत होता. तिने तोंड उघडलं होतं आणि आपण बघूनही न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळ व्हायला लागली. फाटकाशी शेजारी जमू लागले होते. त्यांना घरात जायचं की गाडीपाशी यायचं ते कळेना, म्हणून ते तिथेच घुटमळत होते. मित्सुए घरातून बाहेर आली. तिच्या हातात अगरबत्तीचं भांडं होतं. ती सरळ गाडीच्या मागे गेली, बूट काढले, वाकून ते नीट जोडून बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवले आणि कष्टाने वर चढून भावजयीच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तिने हात जोडलेले होते.

"कात्सुमी," ती वळून न बघता म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले नसते तर ती घरात झोपली असती का रे?"

कात्सुमीला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही ताई," तो म्हणाला. "मी त्याच संध्याकाळी गाडी मागवली असती तर— तेही माहीत नाही."

मित्सुएने अगरबत्ती पेटवली. छताच्या पातळ पत्र्याखाली तिचा हुंदका बाहेरही ऐकू आला.

मग शेजारची म्हातारी पुढे आली. तिच्यामागे तिचा मुलगा, त्यामागे शिमोदा. एकेक जण गाडीच्या मागे थांबे, बूट काढी, वाकून नीट लावी, वर चढे, आणि आतल्या माणसाला उतरायला वाट देई. अंधार पडेपर्यंत अंगणातल्या खडीवर बुटांची रांग लागली होती, घराच्या दाराशी लागते तशी.